कोपराखालचा हात मोडला, प्लेट बसवायची आहे: अपघाताच्या जागेपासून प्लेट काढण्यापर्यंत

ऑपरेशन उरकून बाहेर आलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, हाड जोडलं ना?” खरं तर अजून जोडलेलं नसतं. मोडलेली टोकं एकमेकांसमोर आणून प्लेट आणि स्क्रूंनी घट्ट धरून ठेवलेली असतात, एवढंच. जुळण्याचं काम हाड स्वतः करतं आणि त्याला तीन-चार महिने लागतात. तोवर बराचसा ताण त्या पट्टीवर असतो. धातू कितीही उत्तम प्रतीचा असला, तरी तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते तशी ही पट्टीही थकते. हाड आधी जुळतं की प्लेट आधी थकते, अशी ही शर्यत आहे. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं हाडाने ही शर्यत जिंकावी म्हणून.

हातापायाच्या प्रत्येक हाडाचं तंत्र वेगळं. म्हणून एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ: मोठ्या माणसाची कोपर आणि मनगट यांच्यामधली दोन्ही हाडं, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना, मधोमध मोडलेली. दुचाकीवरून पडलेल्यांमध्ये हे नेहमी दिसतं, आणि प्लेट-स्क्रूचं शास्त्र इथे सर्वांत स्पष्ट कळतं.

पहिला तास

हात वाकडा दिसला की कुणीतरी अनुभवी माणूस पुढे येऊन तो ओढून सरळ करायला बघतो. करू देऊ नका. आहे त्या स्थितीत हाताला आधार द्या. जाड वर्तमानपत्राची घडी, लाकडी पट्टी, पुठ्ठा, जे मिळेल ते कोपराच्या वरपासून बोटांच्या मुळापर्यंत लावून ओढणीने किंवा उपरण्याने सैलसर बांधा आणि हात गळ्यात झोळीत अडकवा.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, मनगटातले दोरे लगेच काढा. तासाभरात सूज चढते आणि मग अंगठी कापावी लागते. लग्नातली अंगठी कापताना हळहळणारी माणसं नेहमी बघतो, म्हणून हे आधी.

जखम असेल आणि त्यातून हाड दिसत असेल, किंवा मोडलेल्या जागेजवळ नुसतं टोचल्याएवढं भोक पडून रक्त येत असेल, तरी ते उघडं फ्रॅक्चर समजायचं. स्वच्छ कोरडं कापड लावून झाका. हळद, टूथपेस्ट, कॉफी पावडर काही भरू नका. ते सगळं नंतर आम्हाला धुऊन काढावं लागतं. अशा रुग्णाला अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं बरं. दवाखाना गाठण्याची घाई खरी याच्यासाठी असते.

आता हाडवैद्याचा विषय. गावोगाव हाड बसवणारी माणसं आहेत, काहींचा हात हलकाही असतो. पण ताज्या मोडलेल्या हातावर तेल लावून मालिश आणि वर बांबूच्या कामट्यांची आवळून बांधलेली पट्टी, यातून आतला रक्तपुरवठा तुटतो. स्नायू मरतात आणि बोटं आखडून कायमची वाकडी होतात. असा हात नंतर कुठल्याही ऑपरेशनने पूर्ववत होत नाही.

आणि निघताना रुग्णाला चहा-बिस्कीट देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

एक्स-रेत दोन सांधे दिसलेच पाहिजेत

समोरून एक आणि बाजूने एक, असे दोन एक्स-रे निघतात. फिल्म हातात आली की एवढं बघा: कोपर आणि मनगट, दोन्ही सांधे त्यात आहेत का? कोपराखालची दोन हाडं दोन्ही टोकांना एकमेकांशी बांधलेली असतात. त्यामुळे कधी कधी मोडतं एकच हाड, पण दुसऱ्या हाडाचं टोक सांध्यातून निखळलेलं असतं. अल्ना मोडून कोपराजवळ रेडियसचं डोकं निखळलं तर त्याला मोंटेजिया म्हणतात, रेडियस मोडून मनगटाजवळचा सांधा सुटला तर गॅलियाझी. एक्स-रे फक्त दुखऱ्या जागेचा काढला तर हे सुटून जातं आणि महिन्यांनी कळतं. दोन्ही सांधे दिसत नसतील तर पुन्हा एक्स-रे काढायला सांगण्यात संकोच नको.

तोवर कच्चं प्लास्टर घालतात. तो तात्पुरता आधार, उपचार नव्हे.

प्लास्टर का नाही, सळई का नाही

तळवा आकाशाकडे करून तीर्थ घ्या, आता तोच तळवा खाली करून कणीक मळायला लागा. या दोन कृतींमध्ये रेडियस हे हाड अल्नाभोवती फिरतं. ते फिरू शकतं कारण त्याला बाहेरच्या बाजूला हलका बाक असतो. म्हणजे कोपराखालचा सबंध हात हाच एक सांधा आहे. मांडीचं हाड दोन-चार अंश इकडेतिकडे जुळलं तरी माणूस चालतो. इथे बाक गेला, किंवा हाड दहा अंशांहून जास्त वाकडं जुळलं, तर तळवा पुरता फिरत नाही. बाहेरून प्लास्टर घालून ही दोन्ही हाडं मोठ्या माणसात जागेवर राहत नाहीत, कारण आतले स्नायू त्यांना सतत वेगवेगळ्या दिशांना ओढतात.

म्हणून मोठ्या माणसाच्या या फ्रॅक्चरला प्लेट हाच सर्वमान्य उपचार आहे. लहान मुलांचं वेगळं: त्यांची हाडं वाढता वाढता वाकडेपणा बराचसा सुधारून घेतात, त्यामुळे बहुतेकांचं प्लास्टरवर किंवा बारीक लवचीक सळयांवर भागतं. मांडी आणि नडगीचं हाड मधोमध मोडलं तर आतून सळई, म्हणजे लोक ज्याला रॉड म्हणतात ती, जास्त चालते. दंडाचं हाड कित्येकदा बाहेरून बांधलेल्या नुसत्या पट्ट्यात जुळतं. सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलेलं फ्रॅक्चर मात्र कुठलंही असो, तिथे बहुधा प्लेट-स्क्रूच लागतात, कारण सांधा तंतोतंत गुळगुळीत बसला नाही तर पुढे झिजतो.

“शेजाऱ्याला रॉड टाकला, आम्हाला प्लेट का?” याचं उत्तर यात आलं.

ही कल्पना जुनी आहे. हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी १८८६ मध्ये हाडावर प्लेट लावण्याची पद्धत मांडली. त्यांच्या प्लेटचं टोक आणि स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर ठेवलेले असत, म्हणजे काही आठवड्यांनी ते ओढून काढता येत. पुढे कित्येक दशकं गंजणारे धातू, पू आणि तुटलेल्या पट्ट्या यांनी ही पद्धत बदनाम राहिली. १९४९ मध्ये बेल्जियमच्या रोबेर दानिस यांनी दाखवलं की दोन्ही टोकं दाबून एकमेकांवर बसवली तर हाड बाहेर गाठ न धरता सरळ जुळतं. तो धागा पकडून १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बील गावात मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकारी सर्जनांनी एओ हा गट स्थापन केला. हाड नीट बसवा, घट्ट धरा, त्याचा रक्तपुरवठा जपा आणि सांधे लगेच हलवायला लावा, हे त्यांचे चार नियम. आज तालुक्याच्या गावातल्या ऑपरेशन थिएटरमध्येही हेच नियम चालतात. चौथ्या नियमात डॉक्टरइतकाच वाटा रुग्णाचा आहे, आणि मागे पडतो तोही हाच.

ऑपरेशनच्या आधी

बंद फ्रॅक्चर असेल तर रातोरात ऑपरेशनची गरज बहुधा नसते. सूज, रक्तातली साखर, इतर दुखापती बघून एक-दोन दिवसांत करतात. रक्त-लघवीच्या तपासण्या, गरजेप्रमाणे ईसीजी, हे नेहमीचं.

डॉक्टरांना स्वतःहून सांगायच्या गोष्टी तीन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगा, पण मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्याने ती परस्पर थांबवणं मोडलेल्या हातापेक्षा धोक्याचं ठरू शकतं. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी करून घ्या, कारण वाढलेली साखर जखमेत जंतू पोसते. आणि खोट्या दागिन्यांनी कातडीला खाज किंवा पुरळ येत असेल तर तेही सांगा. ती बहुधा निकेलची ॲलर्जी असते, नेहमीच्या स्टीलच्या प्लेटमध्ये निकेल असतं, आणि अशा वेळी टायटॅनियम वापरता येतं.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही, ती विचारावी लागते: तंबाखू. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला रक्तच लागतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, काहींची जुळतच नाहीत, याचा पुरावा भक्कम आहे. गुटखा, चुना-तंबाखू आणि मिश्रीतही निकोटीनच असतं. घरातली आजी “मी कुठे तंबाखू खाते, नुसती मिश्री लावते” म्हणते, तेव्हा तिला हे समजावून सांगा. किमान हाड जुळेपर्यंत तरी बंद.

उपाशी राहण्याचा हिशोब: घन पदार्थ सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

कुठली प्लेट आणि किती पैसे

स्टील की टायटॅनियम, साधी की लॉकिंग, हे प्रश्न हल्ली काउंटरवर विचारले जातात आणि घाबरलेला नातेवाईक महागातलं सांगून मोकळा होतो. माझं मत स्पष्ट आहे: तरुण माणसाच्या कोपराखालच्या, मधोमध आणि सरळ मोडलेल्या हाडाला साधी साडेतीन मिलिमीटर स्क्रूची कॉम्प्रेशन प्लेट, म्हणजे मोडलेली टोकं एकमेकांवर दाबून धरणारी, पुरते. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकात घट्ट बसतात. हाड ठिसूळ झालेलं असेल, खूप तुकडे असतील किंवा सांध्याजवळचा तुकडा लहान असेल, तिथे तिचा खरा उपयोग. सत्तरीतल्या बाईचं मनगट किंवा खांदा मोडला तर लॉकिंगचे पैसे कारणी लागतात.

टायटॅनियम स्टीलच्या मानाने साधारण निम्मंच ताठ आणि वजनाला हलकं. एमआरआय चित्रात त्याची सावली कमी पडते. पण त्यावर हाड चिकटून वाढतं आणि स्क्रू कधी कधी जागीच जाम होतात, त्यामुळे नंतर काढायचं झालं तर घाम फुटतो. ‘महाग म्हणजे मजबूत’ हा हिशोब इथे लागू नाही.

पैशांआधी योजना विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, ऑपरेशन ठरण्याच्या आधी, त्याला गाठा. नंतर गेलात तर मंजुरी अडते. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रस्ते अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राची वेगळी कॅशलेस योजनाही आहे, तीत नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार बसतात. दोन्हींसाठी कागद लागतात. अपघाताची पोलिसांत नोंद करून घ्या. विम्याचा किंवा भरपाईचा दावा करायचा झाला तर तीच कामी येते.

खिशातून भरत असाल तर एवढं करा: प्लेट आणि स्क्रूंच्या पाकिटांवर कंपनी, माप, बॅच नंबर आणि किंमत छापलेली स्टिकरं असतात. ती केसपेपरवर चिकटवलेली असावीत आणि त्यांचा फोटो तुमच्याकडे असावा. पाच वर्षांनी कुणी दुसऱ्या डॉक्टरने प्लेट काढायची ठरवली तर कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्यावरून कळतं. चुकीचा पाना आणला की स्क्रूचं डोकं झिजतं आणि वीस मिनिटांचं काम दोन तासांवर जातं.

थिएटरच्या आत

बहुतेक वेळा फक्त हात बधिर करतात. गळपट्टीच्या हाडाच्या वर सोनोग्राफीने नसा बघून इंजेक्शन देतात. चीर देण्याच्या तासाभर आधीच्या आत अँटिबायोटिक जातं. दंडाला टूर्निके नावाचा हवेचा पट्टा बांधून साधारण २५० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवतात. हातात रक्त येणं थांबतं आणि आतलं सगळं स्वच्छ दिसतं. त्या क्षणापासून घड्याळ लावलेलं असतं, कारण हा पट्टा सलग दोन तासांहून जास्त ठेवायचा नसतो.

चिरा दोन. अल्ना सोपी: कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत बोट फिरवा, कातडीखाली लगेच हाड लागतं. तिथूनच जायचं. रेडियस खोल असतं. त्याच्याकडे पुढच्या बाजूने, स्नायू न कापता, दोन स्नायूंच्या फटीतून जातात. वाटेत मुख्य शीर आणि अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणारी नस लागते, त्यांना बाजूला धरून ठेवावं लागतं. हाडावर एक पातळ आवरण असतं आणि त्यातून हाडाला रक्त मिळतं. नवखा सर्जन नीट दिसावं म्हणून ते भरपूर खरवडतो. मुरलेला सर्जन फक्त मोडलेल्या कडेपुरतं, काही मिलिमीटर, बाजूला करतो.

टोकांमधलं गोठलेलं रक्त काढलं की दातेरी कडा दिसतात. चिमट्यांनी धरून त्या एकमेकींत बसवतात. बरोबर बसल्या की हाताला कळतं, हाड डुगडुगायचं थांबतं. मग त्यावर प्लेट ठेवतात.

आता एक स्क्रू जवळून बघू. अडीच मिलिमीटरचा ड्रिल बिट नळीतून हाडावर टेकतो. मदतनीस त्यावर सिरिंजने सलाइनची धार सोडत असतो, कारण हाड तापलं तर भोकाभोवतीचा भाग मरतो आणि स्क्रू सैल होतो. पहिल्या भिंतीतून जाताना ड्रिलचा आवाज दबलेला येतो. पोकळीत पोचला की एकदम मोकळा होतो. पुन्हा दबतो, ती दुसरी भिंत. तिच्यापलीकडे मिलिमीटरभरही जास्त जायचं नसतं, पलीकडे शिरा असतात. मग बारीक आकडा असलेली मापपट्टी भोकातून घालून पलीकडच्या कडेला अडकवतात आणि सर्जन म्हणतो, “सोळा.” सिस्टर साडेतीन जाडीचा, सोळा लांबीचा स्क्रू पुढे करते. भोक अडीचचं आणि स्क्रू साडेतीनचा, त्यामुळे त्याचे आटे दोन्ही भिंतींत रुततात. शेवटचे फेरे सावकाश, दोन-तीन बोटांच्या जोराने. मनगटाची सगळी ताकद लावली तर हाडातले आटे सुटतात आणि तो स्क्रू नुसता फिरत राहतो.

पहिला स्क्रू मोडलेल्या जागेच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूचं भोक मुद्दाम प्लेटच्या भोकाच्या लांबच्या कडेला पाडतात. कॉम्प्रेशन प्लेटचं भोक गोल नसून लांबट आणि उतरतं असतं. स्क्रू आवळत गेलं की त्याचं डोकं उतारावरून घसरतं आणि हाडाचा तो तुकडा मोडलेल्या फटीकडे सरकतो. सरकतो जेमतेम मिलिमीटरभर, पण फट डोळ्यांदेखत मिटते. प्लेटच्या सबंध तंत्रातला हा सर्वांत देखणा क्षण. लॉकिंग स्क्रूही वापरायचे असतील तर ते यानंतर, कारण एकदा लॉक केल्यावर तुकडा सरकत नाही.

फटीच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू घालतात. मग हेच सगळं दुसऱ्या हाडावर. शेवटी टेबलावरच तळवा पूर्ण वर, पूर्ण खाली फिरवून बघतात आणि सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या फिरत्या एक्स-रे यंत्रावर, दोन्ही बाजूंनी चित्र घेतात. फिरत नसेल तर तिथेच दुरुस्ती होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना नंतर जरूर विचारा, “टेबलावर हात पूर्ण फिरला का?”

टाके घालताना स्नायूंवरचं आवरण बहुधा उघडंच ठेवतात आणि फक्त कातडी शिवतात, कारण आत सूज येणार असते आणि तिला जागा लागते.

पहिले दोन दिवस

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. कोपराखालचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. कप्प्यात सूज वाढली की दाब वाढतो आणि रक्त आत शिरेनासं होतं. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. ते अपघातानंतर ऑपरेशनच्या आधीही होतं आणि नंतरही. काही तासांत स्नायू मरू लागतात, सहाएक तासांनंतरचं नुकसान भरून येणं अवघड असतं.

ओळखायचं असं. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं आणि इंजेक्शन-गोळीलाही दाद देत नाही. दुसऱ्या कुणी हलकेच बोटं सरळ केली तर रुग्ण कळवळतो. हात लाकडासारखा टणक लागतो, बोटांना मुंग्या येतात. “नाडी लागतेय ना, मग ठीक आहे” यावर विसंबू नका, नाडी बराच वेळ लागत राहते. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला उठवा, बँडेज ताबडतोब मोकळं करायला सांगा आणि डॉक्टरांना बोलावून घ्या. संशय असेल तेव्हा हात उंच टांगू नका, छातीच्या पातळीवर ठेवा. हात बधिर केलेला असेल तर भूल उतरेपर्यंत दुखणंच कळत नाही, त्या काळात बोटांचा रंग आणि हाताचा टणकपणा तासातासाने बघायला हवा.

असं काही नसेल तर हात उशीवर, हृदयापेक्षा उंच. आणि भूल उतरल्यापासून जागेपणी दर तासाला बोटं पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची. सूज उतरवायला याच्याइतकं चांगलं औषध नाही.

घरी गेल्यावर

टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. तोवर जखम कोरडी ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर नव्याने ताप, जखमेभोवती लाली, ठणका किंवा ड्रेसिंग ओलं करणारा स्राव दिसला तर त्याच दिवशी दाखवा. घरच्या घरी मलम लावून आठवडा घालवू नका. लवकर कळलं तर आत धुऊन आणि अँटिबायोटिक देऊन, प्लेट हलत नसेल तर ती तशीच ठेवून हाड जुळवून घेता येतं.

खाण्याबद्दल: पायाचं सूप आवडत असेल तर प्या, पण त्यात जादू नाही. डाळी, अंडी, दूध, मासे, मटकी, जे परवडेल त्यातून प्रथिनं पोटात जाऊ द्या. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढा.

बोटं, कोपर, खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे. आधार घट्ट बसला असेल तर तळवा फिरवण्याचा व्यायामही डॉक्टर लवकरच सुरू करायला सांगतात. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात ठेवा, मुठीत पेन उभं धरा आणि हात सावकाश आत-बाहेर फिरवा. पेन कुठपर्यंत कलतं ते दुसऱ्या हाताशी ताडून पाहा, सुधारणा डोळ्यांना दिसते. हे स्वतःच्या ताकदीने करायचं. मालिशवाल्याने किंवा घरच्यांनी जोर लावून फिरवायचं नाही.

हलवणं आणि भार टाकणं यात मात्र फरक आहे, आणि गडबड इथेच होते. जेवण, लिहिणं, मोबाइल, चहाचा कप, शर्टाची बटणं, हे सगळं सुरुवातीच्या आठवड्यांतच चालतं, करावंच. पाण्याची बादली, सिलिंडर, दोन्ही हातांनी उठताना पलंगावर भार देणं, दुचाकी, हे एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत बंद. कपडे पिळणं तर विशेष वाईट. त्यात हाताला पीळ बसतो आणि प्लेट पिळाला जितकी वैतागते तितकी सरळ वजनालाही नाही. कणीक मळणं त्याच रांगेतलं. घरातल्या बाईचा हात मोडला असेल तर “आता बरं वाटतंय ना” म्हणून तिला तीन आठवड्यांत ओट्यापाशी उभं करू नका. दुखत नाही याचा अर्थ जुळलं असा नाही. प्लेटने धरलेलं हाड फार लवकर दुखायचं थांबतं, हीच तिची फसवी बाजू.

हाड जुळतंय हे कसं कळणार

साधारण सहा आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी एक्स-रे होतो. नातेवाईक त्यात पांढरी गाठ शोधतात, कारण प्लास्टरमध्ये जुळलेल्या हाडाभोवती ती दिसते. घट्ट दाबून बसवलेल्या हाडात ती येत नाही किंवा अगदी कमी येते. तिथे मोडल्याची काळी रेघ हळूहळू पुसट होते आणि नाहीशी होते. उलट, गाठ भरपूर दिसू लागली तर आत थोडी हालचाल होत असावी अशी शंका डॉक्टरला येते.

सहा महिन्यांनंतरही रेघ ठळक असेल, त्या जागी दुखत असेल, किंवा स्क्रूभोवती काळी कड दिसत असेल, तर शर्यतीत हाड मागे पडलंय. अशा वेळी थांबून राहण्यात अर्थ नसतो. कंबरेच्या हाडातून थोडं हाड घेऊन तिथे भरणं आणि प्लेट बदलणं हा उपाय आहे. प्लेट तुटली की “कंपनी खराब होती” असं म्हटलं जातं. तसंही कधी असू शकतं, पण बहुतेक वेळा प्लेट तुटते ती हाड जुळलं नाही म्हणून, आणि तुटते नेमकी मोडलेल्या जागेसमोर. जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी ठेवली की कारण दिसतं. म्हणून एकही फिल्म फेकू नका.

प्लेट काढायची का

त्रास नसेल तर काढू नका. कोपराखालच्या हातात दुसऱ्यांदा ऑपरेशन म्हणजे घट्ट झालेल्या जुन्या वाटेने त्याच नसांजवळून पुन्हा जाणं, आणि त्यात नस दुखावण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. प्लेट अंगात राहिली म्हणून रक्तात विष होत नाही. पावसाळ्यात ठणकतं अशी तक्रार बरेच जण करतात; हाड जुळलेलं असेल तर त्यात काळजीचं काही नाही. विमानतळावर यंत्र वाजलं तर हातावरची खूण दाखवली की काम होतं. एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, फक्त आधी सांगायचं आणि स्टिकरचा फोटो दाखवायचा.

काढावी लागते ती अल्नाची, कारण ती कातडीखाली टोचते, विशेषतः टेबलावर हात टेकून काम करणाऱ्यांना. तेव्हाही मूळ ऑपरेशनला दीड-दोन वर्षं होऊन जाऊ द्या. वर्षाच्या आत काढलेल्या प्लेटखालचं हाड पुन्हा मोडण्याचा धोका खरा आहे. प्लेटच्या सावलीत हाड थोडं कमजोर झालेलं असतं, आणि स्क्रू निघाले तरी त्यांची भोकं भरायला महिने लागतात. म्हणून प्लेट काढल्यावर सहा आठवडे तरी हात जपायचा: जड उचलणं, कबड्डी-क्रिकेट, खड्ड्यांतून दुचाकी, काही नाही. रोजची हलकी कामं दुसऱ्या दिवसापासून चालतात.